कुरळ्या केसांचं ओलीत

आमच्या घरी कोरड्या केसांवर एकच औषध होतं. रविवारी सांदवाडीत पाट टाकायचा, आई मागे बसायची आणि वाटीभर खोबरेल माझ्या डोक्यात जिरवायची. सोमवारी शाळेत पोचेपर्यंत मान तेलकट, कॉलर तेलकट, उशीचं तर विचारूच नका. केस मात्र फड्याच्या काडीसारखे कडक. तरी वाटेत कोणी ना कोणी हटकायचंच, "काऊन वो पोरी, डोक्याले तेल नाही लावत काय?"

माझे केस नुसते लाटेसारखे वळणारे नाहीत. पेनातल्या स्प्रिंगसारखी त्यांची बारीक वेटोळी होतात. ओले करून ताणले तर कमरेला टेकतात, सोडले की खांद्यावर येऊन बसतात. घराण्यात अशी डोकी दोनच होती, एक आजोबांच्या बहिणीचं आणि एक माझं. आता बहिणीच्या मुलीचं तिसरं. तिनं परवा फोनवर विचारलं, "मावशी, रोज तेल लावते तरी केस वाळलेलेच काऊन राहतात?" तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते.

केसात ओलावा येतो तो पाण्यानं. तेलात पाणी नसतं, ते फक्त आत असलेल्या पाण्याला अडवून धरतं. शेतीच्या भाषेत पाणी म्हणजे ओलीत आणि तेल म्हणजे आच्छादन. उन्हाळ्यात संत्र्याच्या आळ्यात आपण पालापाचोळा, सोयाबीनचं कुटार पसरवतो ते ओल उडू नये म्हणून. पण आळं कोरडं ठाक असेल तर वर कितीही कुटार टाका, झाडाला काय मिळणार? माझ्या आईनं पंधरा वर्षं नेमकं हेच केलं, मोठ्या मायेनं.

छपरावरचे कवेलू

केसाचा एक तंतू घेतला तर त्याच्या अंगावर खवले असतात, कवेलूच्या छपरासारखे एकावर एक चढवलेले, मुळाकडून टोकाकडे उतरत गेलेले. असे पाच ते दहा थर असतात. त्याखालचा गाभा केराटिन नावाच्या प्रथिनाचा, आणि हा गाभा पाणी पितो. हवा पुरती दमट असेल तर केस स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी धरू शकतो. पूर्ण भिजला की त्याची जाडी १४-१५ टक्क्यांनी वाढते.

कवेलू जागच्या जागी असतील तर पाणी आत हळूहळू शिरतं आणि बाहेरही हळूहळू जातं. पण छपरावरून वानरांची टोळी गेली की काय होतं ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. एक सरकलेलं, एक फुटलेलं, एक अंगणात. केसाचे खवले असे उचकटले की पाणी भसकन आत येतं आणि तितक्याच घाईनं निघून जातं. अशा केसांना सच्छिद्र म्हणतात. मुरमाड बरड जमीन आणि भारी काळी जमीन यांत जो फरक, तोच इथं. बरडात पाणी सोडलं की पाहता पाहता गायब. काळीत ते मुरायला वेळ घेतं, पण मुरलं की दिवसेंदिवस टिकतं.

खवल्यांवर आणखी एक गोष्ट असते, डोळ्यांना न दिसणारा स्निग्ध पदार्थाचा थर. तो वरून लावलेला नसतो, केस तयार होतानाच चिकटून येतो. १८-एमईए असं त्याचं रुक्ष नाव. त्याच्यामुळे धडधाकट केसावरून पाणी ओघळून जातं. ब्लीच, सरळ करण्याची क्रीम, सोडा, साबण यांनी हा थर झिजतो. आणि केस हा मेलेला धागा असल्यानं गेलेला थर परत येत नाही. पावसाळ्याआधी घरावरचे कवेलू फेरता येतात, केसावरचे फेरता येत नाहीत. जे आहे ते सांभाळायचं, एवढंच हाती.

इथं एक गोंधळ दूर करते. वेटोळे केस आणि सच्छिद्र केस एक नव्हेत. वेटोळं जन्माचं असतं. ज्या पिशवीतून केस उगवतो तीच वाकडी असते आणि केस गोल न होता चपटा निघतो. सच्छिद्रपणा बहुतेक वेळा कमावलेला असतो. फक्त वेटोळ्या केसांना तो लवकर गाठतो. दोरीला पीळ दिला की वळणावरचे तंतू जसे उचलले जातात तसे प्रत्येक वळणावर खवले ताणले जातात. शिवाय टाळूतून पाझरणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. वेटोळ्या केसावर त्याला घाटातून उतरावं लागतं आणि ते निम्म्या वाटेतच थांबतं. म्हणून अनेकींची तक्रार असते की मुळं चिप्प तेलकट आणि टोकं गवत.

टोकांचं वयही धरा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. माझा केस ताणून साठ सेंटीमीटर भरतो, म्हणजे त्याचं टोक पाच वर्षांपूर्वीचं. पाच विदर्भी उन्हाळे त्यानं काढलेत! मुळाशी काळी जमीन आणि टोकाशी बरड, एकाच केसावर.

आपले केस किती सच्छिद्र हे पाहण्यासाठी पाण्याच्या ग्लासात केस टाकायचा, बुडला तर सच्छिद्र, तरंगला तर नाही, असा एक प्रयोग फार फिरतो. माझा त्यावर भरवसा नाही. केसाला जरा तेल असलं की तो तरंगतो, बोटानं ढकलला की बुडतो. त्यापेक्षा न्हाताना लक्ष द्या. दोन तांब्यांतच केस चिंब झाले आणि सावलीत अर्ध्या तासात वाळलेही, तर सच्छिद्र. पाणी थेंबाथेंबानं ओघळतंय आणि दुपारपर्यंत अंबाडा ओलाच, तर नाही. टोकाकडून मुळाकडे चिमटीतून केस ओढून पाहा. उलटे खवले बोटाला खरखरीत लागतात.

आपलं पाणी, आपली हवा

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतला खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारट. त्या पट्ट्याबाहेरही बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. अशा पाण्यात साबण फेसाळत नाही. त्याचा चिकट पांढरा चोथा होतो आणि उचकटलेल्या खवल्यांत जाऊन बसतो. मग केस धुऊनही न धुतल्यासारखे लागतात, आणि आपण म्हणतो साबण कमी पडला, अजून चोळा.

पाणी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही ते पाणी केसांनाही जड जातं. कारण तेच, कॅल्शियम. त्यावर सोपा उपाय असा की धुवा बोअरच्याच पाण्यानं, पण शेवटचं गडवाभर पाणी पिण्याच्या जारचं किंवा पावसाचं घ्या. तेही नसेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस टाकून ते केसांवरून ओता आणि मग साधं पाणी घ्या. आंबट पाण्यानं क्षार सुटतात आणि खवले बसतात. केसाला सौम्य आम्लच मानवतं. साबणाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ९-१० असतो, केसाचा साडेचार-पाचच्या आसपास. मात्र लिंबाचं पाणी मानेवर तसंच ठेवून उन्हात जाऊ नका, भाजल्यासारखे काळे डाग पडतात. माझी आजी ताकाची निवळी घ्यायची. तत्त्व तेच, फक्त दिवसभर म्हशी मागे लागाव्यात असा वास येतो.

आता हवा. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला इथं पारा ४५ च्या पार जातो, आणि हवेत ओलावा औषधालाही उरत नाही. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले दमट गावातल्या माणसांनी दिलेले असतात. ग्लिसरीन लावा, मध लावा. या वस्तू आजूबाजूचं पाणी ओढून घेतात. हवेत पाणी असलं तर ते हवेतून केसात येतं. हवाच तहानलेली असली तर ग्लिसरीन केसाच्या आतलं पाणी वर ओढून आणतं आणि ते उडून जातं. पहिल्या उन्हाळ्यात मी मेडिकलमधून ग्लिसरीनची बाटली आणून मन लावून रोज लावली. आठ दिवसांत केस कडब्यासारखे वाजायला लागले.

त्यानंतर मी स्वतःसाठी एक नियम केला. ज्या महिन्यात कूलर चांगला चालतो त्या महिन्यात ग्लिसरीन चालत नाही. कूलर गार करतो तो ताट्यांमधलं पाणी उडवून, आणि पाणी झपाट्यानं उडतं ते हवा कोरडी असते म्हणूनच. जुलै-ऑगस्टमध्ये कूलर नुसती चिकचिक करतो, तेव्हा ग्लिसरीनचे चार थेंब पाण्यात मिसळून लावायला हरकत नाही. तेव्हाही जास्त झालं तर केस फुगून टोपलीएवढे होतात हे सांगून ठेवते.

पाणी, मग जवस, मग मोह

घट्ट वेटोळ्या केसांचं खरं ज्ञान आपल्याकडचं नाही, हे आधी मान्य करायला हवं. ते आफ्रिकेतल्या आणि तिथून जगभर गेलेल्या काळ्या स्त्रियांचं आहे. अमेरिकेत टीव्हीवरच्या प्रसिद्ध मुलाखतकार ओप्रा विन्फ्रीचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी केसांची एक ते चार अशी प्रतवारी लावली (आपल्याकडे कापसाची लावतात तशी), आणि सर्वांत घट्ट वेटोळी चौथ्या प्रतीत ठेवली. या प्रतींवरून पुढे वादही झाले, कारण प्रत म्हटलं की वरची-खालची आलीच. भारतातही गुजरातच्या गीर भागात आणि कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमध्ये सिद्दी समाजाचे केस असे असतात. चाड देश सहाराच्या कडेला, आपल्यापेक्षाही कोरडा. तिथल्या बसारा स्त्रिया चेबे नावाची वनस्पतीची भुकटी तेलात कालवून केसांच्या लांबीवर लेपतात आणि वेण्या घालून ठेवतात. टाळूला लावत नाहीत. वाळवंटाच्या काठावर राहणाऱ्यांनी आच्छादनाचं महत्त्व ओळखलं, यात नवल नाही.

या स्त्रियांकडून आलेला क्रम असा: आधी पाणी, मग तेल, मग त्यावर क्रीम. काहीजणी क्रीम आधी आणि तेल शेवटी लावतात. माझ्या केसांना दुसरा क्रम मानवतो. पण पाणी पहिलं, यात बदल नाही. मी काय करते ते सांगते.

केस ओलेच असताना, म्हणजे पाणी टपकायचं थांबलंय पण वाळायला सुरुवात झालेली नाही अशा वेळी, चार भाग करते. प्रत्येक भागाला कंडिशनर लावते, दोन-पाच रुपयांची पुडी मिळते तेच. कंडिशनरचे कण धनभारित असतात आणि झिजलेला केस ऋणभारित, त्यामुळे जिथं नुकसान जास्त तिथं ते आपोआप जास्त चिकटतं. पैशाच्या मानानं एवढं काम करणारी दुसरी वस्तू मला दुकानात सापडलेली नाही. याच वेळी रुंद दातांच्या कंगव्यानं गुंता सोडवायचा, टोकाकडून सुरुवात करून वर वर जात. कोरड्या वेटोळ्या केसांत फणी घालणं म्हणजे धुऱ्यावरच्या बोरीच्या झुडपातून लुगडं ओढणं. शाळेतून उवा आल्याच तर फणीही भरपूर कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतच फिरवावी. उवाही चांगल्या निघतात आणि पोरगी रडत नाही.

कंडिशनर धुतल्यावर जवस. आपल्या चटणीतलं जवस. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत राहायचं. पाच-सात मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं तार धरायला लागतं, की लगेच उतरवायचं आणि गरम असतानाच पातळ ओढणीतून गाळायचं. गार होऊ दिलं तर ते गाळलं जात नाही, हे मी एक ओढणी आणि एक चाळणी वाया घालवून शिकले. हा बुळबुळीत पदार्थ जवसाच्या सालीतून येतो. तो पाणी धरून ठेवतो आणि वाळताना केसावर बारीक पापुद्रा बनवतो, त्यामुळे वेटोळी मोकाट न सुटता एकत्र राहतात. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. फ्रिज नसेल तर मे महिन्यात सकाळचा संध्याकाळी वापरू नका. उरलेलं जवस कोंबड्या आवडीनं खातात.

सगळ्यात शेवटी आच्छादन. इथं मला आपल्या जंगलाचा अभिमान वाटतो. पश्चिम आफ्रिकेतल्या स्त्रिया यासाठी शिया नावाच्या झाडाच्या बियांचं लोणी वापरतात आणि ते आता शहरातल्या मॉलमध्ये महागडं मिळतं. शियाचं झाड ज्या कुळातलं त्याच कुळात आपला मोह आहे. चिकूही त्यातलाच. मोहाच्या टोळंबीचं, म्हणजे बियांचं, तेल गडचिरोली, गोंदिया, मेळघाटातले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या काढत आले आहेत, स्वयंपाकाला आणि अंगाला लावायला. थंडीत ते वनस्पती तुपासारखं थिजतं, उन्हाळ्यात पातळ होतं. वास जरा उग्र, पण बरड केसाला असंच जड तेल लागतं. एका डोक्याला नखाएवढं पुरतं. दोन्ही तळहातांवर चोळून फक्त टोकाकडच्या अर्ध्या भागाला लावायचं. टाळूवर तेल थापून ठेवलं तर तिथल्या बुरशीला मेजवानी मिळते आणि कोंडा वाढतो. मोहाचं तेल नसेल तर तिळाचं, एरंडीचं चालेल. एरंडी फार चिकट, ती दुसऱ्या तेलात मिसळा.

मधल्या दिवसांत पूर्ण न्हायची गरज नाही. बरड जमिनीला एकदम पाट सोडत नाहीत, थोडं थोडं ठिबकानं देतात. न्हाव्याकडे असते तशी पाण्याची फवारणीची बाटली घ्या, सकाळी केस दमट करा, वर तेलाचा हात फिरवा. बाटली नवीच हवी. शेतातल्या औषधाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते अजून कोणी विसरलेलं नाही. आणि रोज डोकं चिंब करून रात्रभर ओला अंबाडा बांधून झोपणंही वाईट. केस फुगतो, आक्रसतो, पुन्हा फुगतो आणि या ताणानंच खवले आणखी सुटतात.

कापूस वेचायला जाताना डोक्याला बांधलेला सुती दुपट्टा उन्हापासून वाचवतो, पण सूत पाणी शोषतं आणि घासतंही. त्याच्या आत जुन्या पोलकाच्या सॅटिनच्या अस्तराचा तुकडा बांधला की काम होतं. रात्री उशीवर तेच टाका. सरळ करण्याच्या पार्लरी उपचारांबद्दल एवढंच सांगते की ते केसातले बंधच तोडतात. मी एकदा लग्नसराईत करून घेतलं आणि पुढची दोन वर्षं अर्धा केस सरळ, अर्धा स्प्रिंग असं घेऊन फिरले.

एका गोष्टीवर जरा थांबते. लोकर ओली करून चोळली की तिचे खवले एकमेकांत अडकून नमदा होतो. वेटोळे, कोरडे, न विंचरलेले केस अगदी तसेच गुंततात. रोज गळणारे केसही वेटोळ्यात अडकून राहतात, खाली पडत नाहीत. दुखतं म्हणून विंचरणं टळलं, आजारपण आलं, बाळंतपण झालं, की महिन्या-दोन महिन्यांत जट होते. मग कोणीतरी म्हणतं देवीचा कौल आहे, कापू नका. माझ्या आजोबांच्या बहिणीनं अशी जट वीस वर्षं वागवली. मान दुखायची, डोक्यात किडे व्हायचे, आणि लोक पाया पडायचे. तिचे केसही माझ्यासारखेच होते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायकांची समजूत काढून अशा जटा कापून देतात. सुरुवातीची जट असेल तर भरपूर तेल आणि कंडिशनर लावून बोटांनी, टोकाकडून, दोन-तीन दिवस घेऊन सुटते. जुनी असेल तर कात्रीच.

भाचीनं शेवटी विचारलं, "मग आजीच्या तेलाचं काय करू?" आजीचं तेल चुकीचं नव्हतंच, वेळ चुकीची होती. खोबरेलाचे रेणू लहान आणि सरळ असतात, त्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकतं. बाकीची बरीच तेलं वरच राहतात. २००३ साली मुंबईतल्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलानं कमी झालं. (संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हे लक्षात असू द्या.) आत शिरलेलं तेल केसाला पाण्यात वाजवीपेक्षा जास्त फुगू देत नाही, म्हणून ते धुण्याच्या आधी लावायचं.

आई अजूनही रविवारी वाटी घेऊन बसते. बदल एवढाच की तेल सोमवारपर्यंत राहत नाही. दोन तासांनी ती आतून ओरडते, "पाणी काढलं वो, ये आता," आणि मी कोमट पाण्यानं डोकं धुऊन, कवेलूवरून पागोळ्या गळाव्यात तसे केस गळत असतानाच, जवसाचा गंज घेऊन तिच्यासमोर पाठ करून बसते.